सात मिनिटं पुढे

पेढीच्या सौद्यांच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते सात मिनिटं पुढे होतं. ही गोष्ट खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. इतकी ठाऊक, की कोणाच्या लक्षात नव्हती.

घड्याळ लंबकाचं, चावीचं, जुन्या लाकडी पेटीतलं. तासाला टोले द्यायचं आणि ते असे दणदणीत, की फोनवर बोलणारा माणूस टोले संपेपर्यंत गप्प बसायचा. त्याच्या बरोबर खाली आत्यांचं टेबल. दर सोमवारी सकाळी आत्या स्टुलावर चढून चावी देत, काटे बाजाराच्या वेळेशी ताडून बघत आणि सात मिनिटं पुढे नेऊन ठेवत. सहा नाही, आठ नाही.

याचं कारण दादा. दादा म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ आणि पेढीचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला बसला की उठायचा नाही. बँकेत उशीर, वकिलाकडे उशीर, स्वतःच्या घरी जेवायला उशीर. मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभाला पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. दुसऱ्याच दिवशी आत्यांनी घड्याळ पुढे केलं. का केलं, हे पेढीत सगळ्यांना माहीत होतं. एकट्या दादांना सोडून.

दादा मनगटी घड्याळ बांधत नसत आणि मोबाइल खणात ठेवत. भिंतीवर अकरा वाजले की ते बँकेला निघत आणि बँकेच्या दारातलं घड्याळ त्यांना अकरा वाजून तीन मिनिटं दाखवी. दहा मिनिटांचा रस्ता तीन मिनिटांत! त्यांचा पक्का समज होता की आपण फार झपाझप चालतो. नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवत. "वय बघा आणि पाय बघा," ते म्हणत. लोक पाय बघत आणि मान डोलवत.

पेढीचा धंदा वायद्यांचा. बेकरीवाल्याला तीन महिन्यांनी लागणारा गहू आजच्या भावाने बांधून द्यायचा, तारांच्या कारखान्याला तांबं, साबणवाल्याला तेल. कोणाला भाव चढायची धास्ती, कोणाला उतरायची. दोन्ही धास्त्यांची गाठ घालून द्यायची आणि मध्ये आपली दलाली घ्यायची. यात खोटेपणाला वाव फार, म्हणून नियामक मंडळाचे नियम कडक. ऑर्डर कोणी दिली, कधी दिली, सौदा कधी लागला, फोनवर काय बोलणं झालं, सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं आणि मागितलं की काढून दाखवायचं.

हे जपण्याचं काम दादांच्या मुलीकडे, म्हणजे आत्यांच्या भाचीकडे होतं. कागदावर तिचं पद कम्प्लायन्स अधिकारी. पेढीत सगळे तिला फायलीबाई म्हणत. हे नाव आत्यांनीच ठेवलं होतं, ती सात वर्षांची असताना, तिने आपल्या बाहुल्यांना नंबर दिले तेव्हा.

फोनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होणार असं भाचीने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आत्यांनी विचारलं होतं, "माझा खोकलासुद्धा पाच वर्षं ठेवणार?"

"हो आत्या."

"मग यापुढे सुरात खोकेन."

आत्या पेढीतल्या सगळ्यात जुन्या सौदेवाल्या. फोनवर आलेली ऑर्डर त्या ऐकता ऐकता संगणकात टाकत आणि वेळेचा शिक्का संगणकच मारी. पण काही जुनी गिऱ्हाइकं फोन करतच नसत. ती येत, समोरच्या खुर्चीत बसत, पाणी मागत आणि मग ऑर्डर सांगत. अशांची ऑर्डर आत्या हाताने चिठ्ठीवर लिहीत, वर तारीख, वेळ आणि खाली गिऱ्हाइकाची सही. भाचीने कितीदा तरी सांगून पाहिलं की हेही थेट संगणकात टाक.

"माणूस समोर बसलाय आणि मी त्याच्याकडे पाठ करून टकटक करत बसू? घरी आलेल्या पाहुण्याशी कोणी असं वागतं का?"

नियमात चिठ्ठी चालत होती. भाचीने नाद सोडला.

त्या महिन्याच्या अखेरीस आत्या निवृत्त होणार होत्या. दुःखाचं नाव नव्हतं. नव्या दलालांना शिकवणाऱ्या संस्थेने त्यांना वर्ग घ्यायला बोलावलं होतं आणि आत्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. नवा चष्मा झाला. पहिल्या तासाचं भाषण तयार झालं. ते त्यांनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, बेकरीवाल्या काकांना, खुर्चीत बसवून दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी काकांनी हात वर करून "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असं विचारलं.

संस्थेची अट एकच होती. मंडळाकडून पत्र हवं, की या बाईंच्या परवान्यावर कोणतीही चौकशी बाकी नाही.

आणि त्याच महिन्यात तपासणी लागली.

भाचीने आठवडाभर आधी सगळ्यांच्या टेबलावर एक परिपत्रक ठेवलं. त्यात एक ओळ अशी होती: सर्व घड्याळं बाजाराच्या वेळेशी जुळवून घ्यावीत. तिला संगणकांची घड्याळं म्हणायची होती. तिने ती स्वतःच एकेक करून जुळवली. दादांनी परिपत्रक खणात ठेवलं, सवडीने वाचू म्हणून.

तपासनीस बाई आल्या त्या आपला चहाचा थर्मास घेऊनच. मंडळाच्या लोकांनी पेढीचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा नियम. दादांनी पहिल्या दिवशी चहा विचारला. बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. दादांनी दुसऱ्या दिवशीही विचारला.

"नियमात बसत नाही," बाई म्हणाल्या.

"नियमात नसेल बसत, पण तुम्ही तर खुर्चीत बसलाय ना," दादा म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि फाईलचं पान उलटलं.

दोन दिवस त्यांनी कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकली, सौदे तपासले, मधूनमधून कपाळाला आठ्या घातल्या. फोनचे सौदे सगळे बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत्यांना आणि भाचीला समोर बसवलं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"ही चिठ्ठी बघा. बेकरीची. ऑर्डरची वेळ तुम्ही लिहिलीय अकरा वाजून आठ मिनिटं. बाजारात सौदा लागलाय अकरा वाजून दोन मिनिटांनी. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधीच तुम्ही सौदा केलात."

"मी काय ज्योतिषी आहे?" आत्या म्हणाल्या.

"ज्योतिषी नसाल तर दुसरं काहीतरी आहात, आणि ते मला लिहावं लागेल. ही एक चिठ्ठी नाही. हाताने लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चिठ्ठी अशीच आहे. आधी सौदा, मग पाच-सहा मिनिटांनी ऑर्डर."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. बाजारातली ही जुनी चोरी आहे. आधी सौदा करून ठेवायचा, पाच मिनिटं भाव कुठे जातो ते बघायचं, फायदा दिसला तर लाडक्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकायचा, तोटा दिसला तर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचा. नंतर चिठ्ठी लिहायची. चोर गडबडीत असला तर वेळ खरीच लिहून बसतो आणि पकडला जातो.

"माझ्या चिठ्ठीत खोट नाही," आत्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"असेलही. पण कागद वेगळं बोलतोय. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर चौकशी उघडावी लागेल."

चौकशी उघडली की ती महिनोन् महिने चालते. पत्र मिळणार नव्हतं. वर्ग दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होता, आणि चाळीस वर्षं सचोटीने काम केलेली बाई संशय घेऊन घरी जाणार होती.

भाचीने संध्याकाळपर्यंत सगळे संगणक पुन्हा तपासले. सगळे बाजाराच्या वेळेशी तंतोतंत. बाजारातून आलेल्या सौद्यांच्या नोंदी तपासल्या. त्याही तंतोतंत. मग ती आत्यांच्या टेबलापाशी आली.

"आत्या, चिठ्ठीवर वेळ कशी लिहितेस? ऑर्डर झाल्यावर आठवून की तेव्हाच?"

"तेव्हाच. बघून लिहिते. अंदाजाने मी मिठाचं पाणीसुद्धा करत नाही."

"बघून ना?"

"बघून."

दोघींचं समाधान झालं. दोघी डोक्याला हात लावून त्या घड्याळाखाली बसून राहिल्या. कुठे बघून, हे एकीने विचारलं नाही आणि दुसरीने सांगितलं नाही. आत्या बाजार बंद व्हायच्या वेळेचा हिशोब करताना मनातल्या मनात सात वजा करत. घरी निघताना करत. चहा मागवताना करत. सगळी खोलीच करायची. पण हातात पेन असलं की डोळ्यांना दिसेल ते हात लिहितो. त्याला वजाबाकी कोणी शिकवली नव्हती.

मुलीचा चेहरा पाहून दादांना राहवलं नाही. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर त्यांनी खणातून परिपत्रक काढलं आणि एकदाचं वाचलं. त्यातलं बरंचसं त्यांना कळलं नाही. एक ओळ कळली. त्यांनी मोबाइल काढला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा!" सोमवारी चावी देताना बहिणीच्या हातून काटा सरकला असणार, असं त्यांनी ठरवलं. स्टुलावर चढून घड्याळ बरोबर लावलं आणि कोणाला काही न सांगता घरी गेले. आपणही तपासणीला हातभार लावला, या समाधानात त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी दादा बँकेतून परत आले ते छातीवर हात ठेवून.

"दहा मिनिटांच्या रस्त्याला मला आज दहा मिनिटं लागली," ते गंभीरपणे म्हणाले.

"मग?" भाची म्हणाली. तिचं लक्ष कागदांत होतं.

"मग काय मग? वय झालं. डॉक्टरला दाखवायला हवं."

दुपारी तीननंतर बेकरीवाले काका आले. आत्यांची अडचण त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून ते ऑर्डरसाठी कमी आणि धीर द्यायला जास्त आले होते. आत्यांनी चिठ्ठी पुढे ओढली, भिंतीकडे पाहिलं. तीन पंचवीस. बाजार साडेतीनला बंद होतो. म्हणजे सात वजा, अजून बारा मिनिटं हातात.

"मी लिहून देतो," काका सांगत होते, "की ही बाई चोर असती तर माझा पाव कधीच स्वस्त झाला असता."

"तसं लिहू नका हो. त्यातून मी चोर आहे असं निघतं."

"बरं, मग असं लिहितो की हिला चोरी येत नाही."

"ते बरं आहे. ऑर्डर सांगा आता. गहूच ना? नेहमीएवढाच?"

काकांनी ऑर्डर सांगितली, सही केली. आत्या सावकाश संगणकाकडे वळल्या. पडदा करडा झाला होता. बाजार बंद.

आत्यांनी पडद्यावर टिचकी मारली. मग भिंतीकडे पाहिलं. तीन वाजून एकतीस मिनिटं. चाळीस वर्षांत त्यांचा बाजार एकदाही चुकला नव्हता.

"घड्याळाला कोणी हात लावला?"

खोलीतली सगळी डोकी वर झाली. दादा आपल्या काचेच्या खोलीतून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

"मी. चांगलं सात मिनिटं पुढे गेलं होतं. बरोबर लावलं."

दादांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणीतरी शाबास म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती.

भाची मात्र उभी राहिली होती. तिने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली पहिली हाती लागेल ती चिठ्ठी उचलली. अकरा आठ. मग भिंतीकडे पाहिलं. मग आत्यांकडे पाहिलं.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "बघून लिहितेस म्हणजे कुठे बघून?"

आत्यांचा हात आपोआप वर गेला आणि तिथेच राहिला.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भाचीही हसली. काकांना काही कळलं नव्हतं, पण हसणं चांगलं चाललंय म्हणून तेही सामील झाले. ऑर्डर उद्या लागली तरी चालेल, गहू काही पळून जात नाही, असंही म्हणाले.

हसणं ओसरलं तशी भाची खुर्चीत बसली. "पण आता सिद्ध कसं करायचं? आज घड्याळ बरोबर आहे."

"त्यात काय," दादा म्हणाले. आपल्या हातून काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना उमगलं होतं. "पुन्हा सात मिनिटं पुढे लावतो. कोणाला कळतंय?"

"बाबा, स्टुलाला हात लावू नका."

"अगं पण होतं तसंच तर करतोय."

"त्याला पुरावा बनवणं म्हणतात. आणि तुम्ही मालक आहात. खाली बसा."

दादा खाली बसले. फायलीबाई उठली आणि आतल्या खोलीत तपासनीस बाईंच्या टेबलापाशी जाऊन तिने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काल घड्याळ बदललं, कोणी बदललं, का बदललं, सगळं. आत्या तिच्या मागे उभ्या होत्या. दादांना बाहेर थांबवलं होतं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे काल ते पुढे होतं आणि आज नाही. आणि पुढे होतं हे तुम्ही सांगताय."

"हो."

"तुमच्या शब्दावर मी खुलासा लिहू शकत नाही."

"माहीत आहे."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत चार वाजले. पहिला टोला पडला तशी बाईंच्या कपाळाला आठी पडली. चारही टोले होईपर्यंत तिघी थांबून राहिल्या; दुसरा इलाजच नव्हता.

"हे टोले!" बाई म्हणाल्या. "तीन दिवस कानात हेच. ज्या रेकॉर्डिंगला हात लावावा त्यात..."

त्या थांबल्या. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाचीकडे पाहिलं. दोघींचे हात एकाच वेळी हेडफोनकडे गेले.

फोन रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राची वेळ बाजाराच्या वेळेला बांधलेली असते, सेकंदाच्या हिशोबाने. ती बदलता येत नाही. तेव्हा टोले कधी पडले, हे यंत्राने पाच वर्षं न चुकता लिहून ठेवलं होतं, कोणी सांगितलेलं नसताना.

बाईंनी तारखा स्वतः निवडल्या. कोणालाही न विचारता, एक यावर्षीची, एक तीन वर्षांपूर्वीची, एक आणखी मागची. हेडफोन काढून आवाज मोठ्याने लावला. आत्यांचा आवाज आला: "तांबं तापलंय, दोन दिवस हात लावू नका, भाजेल." मागे टोले सुरू झाले. अकरा. पडद्यावरची वेळ दहा वाजून त्रेपन्न. दुसरी तारीख. साबणवाला तेलाबद्दल रडत होता, आत्या त्याला म्हणत होत्या, "साबण विकता आणि डोळ्यांत पाणी तुमच्याच?" मागे दोन टोले. पडद्यावर एक त्रेपन्न. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

तिसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी दादा दार ढकलून आत आले. बाहेर त्यांना करमत नव्हतं. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून कोणी त्यांना घालवलं नाही. तारांच्या कारखान्याचा खरेदीवाला बोलत होता. मागे बारा टोले पडले आणि संपले.

"आत्याबाई, तुमच्याकडे बारा वाजलेसुद्धा? माझ्याकडे अजून सात मिनिटं आहेत."

"आमचं पुढे आहे हो. मीच ठेवलंय."

"का?"

"आमच्या दादासाठी. त्याशिवाय तो वेळेवर उठत नाही. वहिनी बिचारी ताट वाढून बसलेली असते."

"मग त्यांना कळत नाही? सगळीकडे लवकर पोचत असतील."

"त्याला वाटतं तो पळतो."

रेकॉर्डिंगमधला माणूस असा हसला की यंत्राचा काटा लाल खुणेपर्यंत गेला. खोलीत आधी भाचीने तोंडावर हात दाबला. मग तपासनीस बाईंनी चष्मा काढला, रुमाल काढला, आणि दोन्ही टेबलावर ठेवून मनसोक्त हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

दादा दारात उभे होते. त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"म्हणजे बँक?"

"दहा मिनिटं, दादा."

"कायमच?"

"कायमच."

दादांनी एक खुर्ची ओढली आणि बसले. आत्यांचं हसू मावळलं. त्या पुढे होऊन काही बोलणार, तोच दादांनी हात वर केला.

"आणि काल ते मीच बरोबर लावलं!"

"लावलंस."

"म्हणजे आज माझं वय झालं नाही?"

"नाही रे बाबा."

"मग डॉक्टरचे पैसे वाचले," दादा म्हणाले आणि इतक्या मोकळेपणाने हसले की बाहेरच्या खोलीतून काका आत डोकावले.

बाईंचं काम अजून संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चष्मा चढवला. "एक गोष्ट राहते. मागच्या वर्षीचे हे काही दिवस. या दिवसांत टोले कुठेच नाहीत. का?"

आत्या विचारात पडल्या. उत्तर दादांनी दिलं.

"स्प्रिंग तुटली होती. आठवडाभर दुरुस्तीला गेलं होतं. मला पक्कं आठवतं, कारण त्याच आठवड्यात वकील माझ्यावर ओरडला होता, उशीर केलात म्हणून. मी त्याला म्हटलं, अहो, शक्यच नाही."

"तेव्हा चिठ्ठीवर वेळ कुठे बघून लिहिलीत?" बाईंनी आत्यांना विचारलं.

"भिंत रिकामी होती. मोबाइलवर बघितली असणार."

बाईंनी त्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या काढल्या. एकेक वाचली, एकेक सौद्याशी ताडली. आधी ऑर्डर, मग सौदा. आधी ऑर्डर, मग सौदा. शेवटची चिठ्ठी त्यांनी गठ्ठ्यावर पालथी ठेवली आणि पेनाचं टोपण लावलं.

"घड्याळ होतं तेव्हा चूक होती. घड्याळ नव्हतं तेव्हा चूक नव्हती. मला एवढं पुरे."

शुक्रवारी त्यांनी अहवाल दिला. पेढीला लेखी समज: भिंतीवरच्या घड्याळावरून वेळेची नोंद करू नये, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची ऑर्डरही संगणकातच टाकावी. सौद्यांत गैर काही आढळलं नाही. त्याखाली वेगळ्या कागदावर, सही-शिक्क्यासह, परवान्यावर कोणतीही चौकशी बाकी नाही. आत्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, मग काकांना वाचायला दिलं आणि नवा चष्मा डोळ्यांवरून काढून उगाचच पुसत बसल्या.

दादांनी शेवटचा प्रयत्न केला. "आता तरी चहा?"

"नियमात बसत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आपला थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि तो आत्यांच्या पुढे ठेवला. "घेऊ नये असा नियम आहे. देऊ नये असा नाही."

आत्यांनी घेतला. साखर कमी होती. त्यांनी सांगितलं नाही.

निघताना बाई घड्याळाखाली थांबल्या. "हे आता नोंदींचा भाग आहे. पाच वर्षं जपून ठेवायचं. काट्यांना कोणी हात लावायचा नाही."

"आणि चावी?" भाचीने विचारलं. तिला खरंच शंका होती. "चावी दिली तर छेडछाड होते का?"

बाईंनी याचा मनापासून विचार केला. "चावी द्या. काटे हलवू नका."

भाचीने त्याच दिवशी घड्याळाला नंबर दिला आणि खाली पाटी लावली.

आत्यांचा वर्ग ठरल्या दिवशी सुरू झाला. पहिल्या तासाला त्यांनी चिठ्ठ्यांचीच गोष्ट सांगितली. तयार केलेलं भाषण पर्समध्येच राहिलं. सुटीच्या दिवशी त्या पेढीत चक्कर मारत. अशाच एका चक्करीला त्या आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या आणि सवयीने वर पाहिलं. मग मोबाइल काढला.

"फायलीबाई, हे दीड मिनिट पुढे गेलंय."

"जुनं आहे ना. दर आठवड्याला थोडं थोडं सरकतं."

"मग?"

"मग काय? काट्यांना हात लावायचा नाही. नियम आहे."

"पाच वर्षांत किती पुढे जाईल गं?"

भाची हिशोब करू लागली, तेवढ्यात दादा बँकेतून परत आले. हातात पासबुक, मनगटावर वहिनींनी घेऊन दिलेलं नवं घड्याळ, आणि ते त्यांनी कधी बघितल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"साडेआठ मिनिटं," त्यांनी दारातूनच जाहीर केलं. "बघा. पाय सुधारतायत."

आत्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.